डिझेल मोटारहोमचा पंप गळतो तेव्हा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं घेतली आहेत.)

आजचा विषय ऐकायला फारच छोटा वाटतो. गाडीखाली डिझेलचे चार थेंब पडलेत, त्यावर तासभर काय बोलायचं? पण हे चार थेंब साध्या गाडीखाली पडणं वेगळं आणि मोटारहोमखाली पडणं वेगळं. साधी गाडी आपण रात्री रस्त्यावर लावतो आणि घरात जाऊन झोपतो. मोटारहोममध्ये आपण त्या गाडीतच झोपतो. आत गॅसची टाकी असते, शेगडी असते, बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो, म्हणजे कुठेतरी एक छोटी ज्योत जळत असते. मुलं झोपलेली असतात. तेव्हा थेंब कुठून येतोय हे कळल्याशिवाय रात्र काढणं मला पटत नाही.

आपल्याकडे २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द लोकांच्या तोंडी आला. पण वीस-पंचवीस-तीस वर्षांची मोटारहोम हौसेने बाळगायची, दर उन्हाळ्यात बाहेर काढायची, हा प्रकार मुख्यतः युरोपातला. ही मालिका ऐकणाऱ्यांत इंग्लंड-जर्मनीतली आपली मंडळीही आहेत, म्हणून उदाहरण तिकडचंच घेऊ या. फियाट ड्युकाटो. १९८१ पासून इटलीत बनते, आणि युरोपातल्या मोटारहोमचा फार मोठा हिस्सा तिच्याच सांगाड्यावर उभा आहे. जुन्या ड्युकाटोत १.९ आणि २.५ लिटरची, नंतर २.८ लिटरची डिझेल इंजिनं आली. सन २००० च्या आसपासपर्यंत त्यांच्यावर यांत्रिक रोटरी पंप असायचा. बऱ्याच गाड्यांवर बॉशचा व्हीई जातीचा, काहींवर लुकासचा. त्यानंतर कॉमन रेल आलं. या दोन जमान्यांच्या गळतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी जुना पंप घेऊ, कारण गळण्याबद्दल बोलणी तोच जास्त खातो.

आता हा व्हीई पंप आत कसा आहे ते बघा. एकच दट्ट्या असतो. तो फिरतोही आणि पुढे-मागेही होतो, आणि चार सिलिंडरना आळीपाळीने डिझेल वाटतो. त्याच्या पुढे पंपाच्या पोटातच एक छोटा पात्यांचा पंप असतो, तो टाकीतून डिझेल ओढून आणतो. बऱ्याच गाड्यांत टाकीत वेगळा पंप नसतोच. ओढायचं काम हाच करतो. त्यामुळे इंजिन चालू असताना पंपाचं सगळं पोट डिझेलने भरलेलं असतं आणि तिथे काही बारचा दाब असतो, वेग वाढला की तोही वाढतो. या पंपाला वेगळं ऑइल नाही. डिझेल हेच त्याचं वंगण.

हे एवढं डोक्यात ठेवलं की गळतीचा निम्मा उलगडा होतो. इंजिन चालू असताना पोटात दाब आहे, म्हणून खराब सीलमधून डिझेल बाहेर येतं. इंजिन बंद झालं की दाब गेला. आता टाकी खाली, पंप वर. पाइपातलं डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे परत जायला बघतं, आणि त्याच खराब सीलमधून हवा आत ओढली जाते. म्हणजे एकच सील, पण दिवसा तक्रार येते की "डिझेल गळतंय" आणि सकाळी तक्रार येते की "गाडी सेल घेते पण चालू होत नाही". आपले मिस्त्री म्हणतात ना, गाडी एअर घेते. लोक या दोन तक्रारी दोन वेगळ्या समजतात. सकाळच्या तक्रारीसाठी बॅटरी बदलतात, ग्लो प्लग बदलतात, स्टार्टर खोलतात. आणि दिवसाच्या थेंबांसाठी गाडीखाली पुठ्ठा टाकतात. (हशा) तुमच्या गाडीत दोन्ही गोष्टी एकत्र दिसत असतील तर आधी पंपाच्या सीलवर संशय घ्या, खर्च नंतर करा.

हवा येते का हे बघायचा साधा उपाय आहे. पंपात डिझेल जिथून शिरतं तिथे वीतभर पारदर्शक पाइप जोडायचा, डिझेलला चालेल असाच. गाडी चालू करून बघायची, मग रात्रभर उभी ठेवून सकाळी बघायची. चालू असताना बुडबुडे सतत येत असतील तर हवा पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी ते पंप या वाटेत शिरतेय. फिल्टरचं झाकण, हातपंपाचा रबरी फुगा, जुने पाइप, हे आधी तपासा. चालू असताना पाइप स्वच्छ आणि सकाळी मात्र रिकामा, तर गाडी उभी असताना वरून हवा शिरतेय. तिथे पंपाचे सील आणि नोझलवरचे परतीचे बारीक पाइप हे दोन संशयित. परतीचे पाइप म्हणजे ते कापडी वेष्टणाचे करंगळीएवढे तुकडे. उष्णतेने ते वाळतात, झिरपतात, आणि डिझेल ओघळत पंपावर येऊन पडतं. पंप बिचारा फुकट बदनाम होतो. म्हणून माझं एक ठाम म्हणणं आहे की पंपाला हात लावायच्या आधी हे पाइप नवीन टाका. अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे.

थेंब कुठून येतो हे शोधताना सगळ्यात मोठी अडचण ही की डिझेल उडून जात नाही, ते पसरतं. वर कुठेतरी पाझरतं, सगळ्या पंपाला न्हाऊ घालतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टच्या टोकावरून टपकतं. माणूस तोच बोल्ट आवळत बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना पंप आणि आजूबाजूचा भाग ब्रशने, डिग्रीझरने धुवा, फडक्याने कोरडा करा. गरम पंपावर गार पाण्याचा फवारा मात्र मारायचा नाही. आतले भाग इतक्या बारीक फटीत बसवलेले असतात की बाहेरचं अंग अचानक आकसलं तर दट्ट्या अडकू शकतो. कोरडा झाल्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा. हो, आपली अंगाला लावायची. मग इंजिन चालू करून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत या. जिथे पावडर पहिल्यांदा काळी पडेल ती जागा खरी.

आता जागा कोणती निघाली यावर सगळं अवलंबून आहे. व्हीई पंपात वरच्या बाजूला ॲक्सिलरेटरच्या दांड्याचा शाफ्ट बाहेर येतो, तिथे ओ-रिंग असते. सकाळची एअर बहुधा इथूनच शिरते, कारण ही जागा सगळ्यात वर. त्याखाली झाकणाची गॅस्केट. मागच्या बाजूला चार पाइप निघतात ते डोकं, त्याच्या आणि पंपाच्या अंगाच्या मध्ये मोठी ओ-रिंग. डोक्याच्या मधोमध एक प्लग, त्याला तांब्याचा वायसर. बाजूला टायमिंगच्या पिस्टनची छोटी झाकणं. आणि पुढे, पट्ट्याच्या पुलीमागे, मुख्य शाफ्टचं सील.

यातलं शेवटचं सोडून बाकीच्या गळत्या त्रासदायक असतात, पण बहुधा त्या घाईच्या नसतात. पुढचं सील मात्र वेगळं. तिथून येणारं डिझेल टायमिंगच्या पट्ट्याच्या कव्हरात जातं. बाहेर फार दिसतही नाही, कव्हरच्या खालच्या फटीतून ओलसरपणा येतो तेवढाच. पट्टा डिझेलने भिजला की फुगतो, मऊ पडतो, दात सोडतो. हा पट्टा तुटला की झडपा पिस्टनवर आदळतात, म्हणजे मग पंपाचं नाही तर इंजिनचंच काम निघालं. कव्हरमधून डिझेलचा वास आला की गाडी तिथेच थांबवायची आणि टो करून न्यायची. इथे "हळूहळू चालवत नेतो" हे चालत नाही. सील बदलताना पट्टाही नवीनच टाकायचा. भिजलेला पट्टा पुसून परत वापरायचा नाही.

बाकी जागांचं काय? दांड्याची ओ-रिंग पंप गाडीवर असतानाच बदलता येते, पण दांडा काढायच्या आधी तो शाफ्टवर कोणत्या खाचेत बसला आहे याची खूण करून ठेवा. एक खाच सरकली की गाडीची रेस बिघडते. झाकण उचलताना आत गव्हर्नरची स्प्रिंग अडकवलेली असते हे लक्षात ठेवा, ओढाताण करू नका. मागच्या डोक्याची ओ-रिंग बदलायची एक युक्ती बरेच अनुभवी लोक करतात. चार बोल्ट पूर्ण न काढता सैल करायचे, डोकं काही मिलीमीटरच मागे घ्यायचं, जुनी ओ-रिंग कापून काढायची आणि नवी ताणून डोक्यावरून आत सरकवायची. युक्ती चालते. पण डोकं जरा जास्त बाहेर आलं तर आतल्या स्प्रिंगा आणि शिम जागा सोडतात, आणि मग पंप उतरवून टेस्ट बेंचवर न्यावाच लागतो. पंप कधीच न खोललेल्या माणसाने परमुलखात, पार्किंगमध्ये, संध्याकाळी सहा वाजता ही युक्ती करून बघावी असं मला वाटत नाही.

पंप उतरवावाच लागला तर परत बसवताना टायमिंग डायल गेजने लावावं लागतं, आणि तिथला हिशेब मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो. बोल्टजवळ खूण करून अंदाजाने बसवला तर गाडी चालू होईल, पण धूर काढेल किंवा ठोकेल. आणखी एक बारीक गोष्ट. या पंपावर डिझेल आत येण्याचा आणि परत जाण्याचा, असे दोन पोकळ बोल्ट असतात, दिसायला जुळ्या भावांसारखे. पण परतीच्या बोल्टमध्ये, ज्यावर आउट असं लिहिलेलं असतं, त्यात एक अगदी बारीक भोक असतं. पोटातला दाब टिकवण्यात त्या भोकाचा हात असतो. गळती काढायच्या गडबडीत या दोघांची अदलाबदल झाली की गळती थांबते आणि गाडी चालेनाशी होते. मग माणसाला वाटतं पंपच गेला.

आता, वीस वर्षं बरा असलेला पंप अचानक का गळतो? याचं उत्तर फक्त "म्हातारा झाला" एवढं नाही. डिझेल बदललं. युरोपात डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा १९९६ मध्ये दहा लाखात ५०० भाग होती, २००० मध्ये ३५० झाली, २००५ मध्ये ५० आणि २००९ मध्ये १०. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, तेही १० भागांचंच. हवेसाठी हे उत्तमच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधले ॲरोमॅटिक जातीचे घटकही कमी होतात. जुन्या पंपांतल्या ओ-रिंग नायट्राइल रबराच्या. हे रबर ॲरोमॅटिक शोषून थोडं फुगतं आणि फुगलेल्या अवस्थेत घट्ट बसतं. वर्षानुवर्षं तसं बसून, उष्णतेने, ते कडक होतं. मग नवं डिझेल आलं की शोषलेले घटक त्यातून निघून जातात, रबर आकसतं, आणि कडक झाल्यामुळे ती फट भरून काढायला ते परत पसरू शकत नाही. झाली गळती सुरू. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल सक्तीचं झालं तेव्हा पंप गळण्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि त्याही मुख्यतः जुन्या सीलच्या गाड्यांच्या. नवं नायट्राइल सील नव्या डिझेलमध्ये सहसा कुरकुर करत नाही. दोष गंधक गेल्याचा नव्हता, रबर म्हातारं असताना खुराक बदलला याचा होता.

म्हणून किट घेताना व्हायटॉनचं मागा. हे फ्लोरीनयुक्त रबर डिझेलमध्ये फारसं फुगतही नाही आणि आकसतही नाही. युरोपातल्या डिझेलमध्ये आता काही प्रमाणात जैवडिझेल मिसळायला परवानगी आहे, त्यालाही ते चांगलं तोंड देतं. फक्त रंगावरून ओळखू नका. तपकिरी किंवा हिरवी रिंग म्हणजे व्हायटॉन असा समज आहे, पण रंग कोणीही घालू शकतो. पाकिटावर काय लिहिलंय ते बघा.

मोटारहोमला यात आणखी एक भोग असतो. ती चालते कमी आणि उभी राहते जास्त. ऑक्टोबरला लावली, एप्रिलला काढली. सहा महिने पंपाच्या वरच्या भागातलं डिझेल खाली उतरलेलं, सील कोरडी. मग वसंतातल्या पहिल्याच सहलीत गळती. महिन्या-दोन महिन्यांनी इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवणं हाच यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय.

आणि वास आला म्हणजे पंपच, असंही नाही. बऱ्याच मोटारहोममध्ये डिझेलवर चालणारा हीटर असतो. तो गाडीच्याच टाकीतून डिझेल घेतो आणि त्याचा स्वतःचा टक-टक करणारा छोटा पंप गाडीच्या मजल्याखाली असतो, रबरी जोडांवर लटकलेला. वास गाडी चालवताना पुढे येतो की रात्री हीटर लावल्यावर मागे येतो, एवढं बघितलं तरी अर्धा शोध संपतो.

आता कॉमन रेल. ड्युकाटोत २.८ जेटीडी इंजिनापासून हा जमाना सुरू होतो. पंपापासून रेलपर्यंत आणि रेलपासून नोझलपर्यंत जो दाब असतो तो एक हजार बारच्या पुढे जातो. इथे मी आतापर्यंत सांगितलेलं टॉर्च, आरसा आणि बोटाने चाचपणं विसरा. या पाइपाच्या नटापाशी बारीक फट पडली तर डिझेलची धार डोळ्याला दिसतही नाही, आणि ती कातडी भेदून आत जाते. जखम सुई टोचल्यासारखी दिसते. सुरुवातीला दुखतही नाही फारसं. पण आत डिझेल पसरलेलं असतं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं, कधी हातही. असं कोणाला झालं तर मलमपट्टी करून वाट बघू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा आणि "दाबाखालचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा, कारण नुसती जखम बघून नवख्या डॉक्टरलाही ती किरकोळ वाटू शकते. या बाजूची गळती शोधायची तर लांबून, पुठ्ठा समोर धरून. चालू इंजिनात नट आवळायचा नाही, सैल तर मुळीच करायचा नाही. बंद केल्यावरही कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबायचं.

त्यात दिलासा एवढाच की या पंपांची सुद्धा पुष्कळशी गळती कमी दाबाच्या बाजूने, अंगावरच्या ओ-रिंगमधून होते आणि सीलचं किट मिळतं. पण ते काम डिझेल पंपाच्या दुकानातच करायचं. तिथे धुळीचा एक कण आत गेला तरी नोझल खराब होतात.

आगीबद्दल थोडं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं. युरोपातल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट ५५ अंशांच्या वर असतो. पण टर्बो आणि एक्झॉस्टचं लोखंड घाटात शेकडो अंश तापतं, आणि तिथे ठिणगीचीसुद्धा गरज नसते. थेंब पडणं आणि फवारा उडणं यात फरक करा. थेंब गार लोखंडावर पडत असतील तर जवळच्या गॅरेजपर्यंत विचार करता येतो. फवारा उडत असेल, किंवा थेंब एक्झॉस्टच्या दिशेने जात असतील, तर इंजिन बंद, गॅसची टाकी बंद, माणसं बाहेर.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, सहलीच्या मधेच गळायला लागलं तर एम-सील किंवा साबण लावून घरी येता येईल का?

साबणाची युक्ती ट्रक ड्रायव्हरांची, आणि ती डिझेलच्या टाकीला पडलेल्या चिरेवर चालते, कारण तिथे दाब जवळपास नसतो. पंपाच्या पोटात दाब आहे, तिथे साबण टिकत नाही. एम-सील ओल्या, तेलकट लोखंडाला धरत नाही, आणि पुढे जो पंप खोलेल त्याच्या शिव्या मात्र मिळतात. (हशा) तांब्याचा वायसर झिरपत असेल तर तो काढून लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा, मऊ होतो आणि परत बसतो. हा उपाय मात्र खरा आहे. नट जोर लावून आवळत राहू नका, आटे गेले तर पाच मिनिटांचं काम पाच दिवसांचं होतं. आणि खाली भांडं धरा. रस्त्यावर डिझेल सांडलं तर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो, त्याचा यात काय दोष?

प्रश्न : सील फुगवणारं औषध बाटलीत मिळतं, ते डिझेलमध्ये टाकलं तर?

काही वेळा पाझर कमी होतो. पण कडक झालेलं रबर त्याने पुन्हा तरुण होत नाही. किट येईपर्यंतचे आठ-दहा दिवस काढायला ठीक आहे. पट्ट्याच्या बाजूच्या गळतीला त्याचा विचारही करू नका.

प्रश्न : माझ्याकडे जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन आहे. पंप लांबट आहे, रोटरी नाही. बाहेर काहीच गळत नाही, पण डिझेल जास्त लागतंय असं वाटतं.

तो इनलाइन पंप. त्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या खालच्या भागाला इंजिनच्या ऑइलचं वंगण मिळतं, म्हणून त्यात गळालेलं डिझेल बाहेर न येता ऑइलमध्ये जाऊ शकतं. उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर, थंड असताना डिपस्टिक काढून बघा. ऑइल न टाकता पातळी वर गेली असेल, ऑइल पाण्यासारखं पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर गळती आत चालली आहे. पंपाच्या बाजूला हाताने दाबायचा प्रायमर असलेला फीड पंप आहे ना, त्याच्यापासून तपासायला सुरुवात करा. तो वेगळा निघतो, आणि दोष तिथेच सापडला तर मोठा पंप खोलायची वेळच येणार नाही. मात्र तोवर गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत. आणि दुरुस्ती झाल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला.